अण्णांची शंका, कुंभार्लीचा घाट आणि पार्किंगमधला पॉइंट

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी कोथरूडला राहते, वय ४१. आमची डिझेल गाडी आता पंधरा वर्षांची होईल, ती काढायची आहे. मला आणि मुलीला इलेक्ट्रिक गाडी घ्यावी असं मनापासून वाटतं. रोजचं जाणं-येणं हिंजवडीपर्यंत, म्हणजे ४० किलोमीटर. पण महिन्यातून एकदा आम्ही गुहागर तालुक्यात सासरी जातो, सातारा, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते अलोऱ्याला कोयना प्रकल्पात नोकरीला होते. त्यांचं म्हणणं, "बॅटरी ती बॅटरीच. मोबाइलची दोन वर्षांत बसते, गाडीची काय वेगळी असणार? घाटात बसली तर ढकलणार कोण?" मिस्टर म्हणतात, तंत्रज्ञान अजून कच्चं आहे, पाच वर्षं थांबू. सोसायटीच्या कमिटीला पार्किंगमधल्या चार्जिंग पॉइंटबद्दल विचारलं तर "पुढच्या मीटिंगला बघू" असं तीन मीटिंगा चाललंय. बॅटरीमुळे ही गाडी अजून आपल्यासारख्यांच्या कामाची नाही, असंच आहे का? की आम्ही उगाच घाबरतोय?

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. तीन मीटिंगा झाल्या तरी कमिटी पॉइंट देत नाही, ही ती गोष्ट. तुमची गाडी अडली तर तिथे अडेल, घाटात अडणार नाही. पण अण्णांची शंका प्रामाणिक आहे, मिस्टरांचीही आहे. घरातल्या दोन माणसांच्या मनात शंका ठेवून पंधरा-सोळा लाखांची वस्तू दारात आणू नये. म्हणून आधी बॅटरीचंच बोलू.

बॅटरी कुठे कमी पडते ते एका साध्या हिशेबात दिसतं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. हे युनिट आपल्या वीजबिलातलंच. तुमच्या कुटुंबाला पुरेल अशा आजच्या गाडीत ४५ युनिटच्या आसपासची बॅटरी मिळते. म्हणजे गाडीच्या तळाशी बसवलेली, तीनशे किलोंच्या घरातली ती अख्खी पेटी पाच लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा घेऊन फिरते. पाच लिटर! पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा मीच थबकले होते. तरीही गाडी चालते, आणि चांगली चालते, कारण पेट्रोलच्या इंजिनात सत्तर-पंचाहत्तर टक्के ऊर्जा नुसती उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. विजेची मोटर मात्र मिळालेल्या ऊर्जेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास कामाला लावते. पाच लिटरमध्ये पेट्रोलची गाडी ७५ किलोमीटर जाईल. ही तेवढ्याच ऊर्जेत २८० जाते.

तेव्हा अण्णांना सांगा, टाकी लहान आहे हे खरंच. फक्त गळती फार कमी आहे.

मिस्टर 'कच्चं तंत्रज्ञान' म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा जुन्या गाड्या असाव्यात. बंगळुरूची रेवा २००१ साली आली. शिशाच्या बॅटऱ्या, दोन मोठी माणसं जेमतेम मावतील एवढी जागा आणि एका चार्जवर ८० किलोमीटर. त्या गाडीला बॅटरीनंच रोखलं होतं, यात वाद नाही. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन इव्ही आली ती ३०.२ युनिटची लिथियम बॅटरी घेऊन, दावा ३१२ किलोमीटरचा. २०२४ मध्ये त्याच गाडीत ४५ युनिटची बॅटरी आली, दावा ४८९ किलोमीटरचा. त्याच वर्षी महिंद्रानं चाकणला बनणाऱ्या गाड्या ५९ आणि ७९ युनिटच्या बॅटऱ्यांसह जाहीर केल्या. तेवीस वर्षांत आपण कुठून कुठे आलो ते बघा.

आता हे 'दावा' प्रकरण नीट समजून घ्या, कारण शोरूममध्ये तोच आकडा तुमच्यासमोर ठेवला जाईल. ही चाचणी करणारी एआरएआय ही संस्था तुमच्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे. चाचणी ठरावीक वेगात, ठरावीक पद्धतीनं होते. तिच्यात चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी आणि खंबाटकीचा घाट नसतो. प्रत्यक्षात दाव्याच्या साठ ते सत्तर टक्के धरावेत. हायवेवर शंभरच्या वेगानं गेलात तर साठकडे झुकेल, शहरात सावकाश चालवलीत तर सत्तरच्याही वर जाईल. पेट्रोल गाडीच्या अगदी उलट वाटेल तुम्हाला. शहरातल्या गर्दीत ही गाडी जास्त पळते, कारण प्रत्येक वेळी वेग कमी करताना थोडी वीज परत बॅटरीत जाते. हायवेवर मात्र वारा कापण्यात ती खर्च होते. शंभरवरून ऐंशीवर आलात तर पल्ल्यात पडणारा फरक डोळ्यांना दिसतो.

म्हणजे ४५ युनिटच्या गाडीचा हायवेवरचा खरा पल्ला २८० किलोमीटरच्या आसपास. आणि पुण्याहून तुमचं गाव? चिपळूणवरून गुहागरपर्यंत साधारण तेवढंच. एवढ्या काठावरच्या हिशेबावर कुणीही निघू नये, तुम्हीही निघू नका. साताऱ्याजवळ किंवा उंब्रजच्या अलीकडे चहा-नाश्त्याला थांबा, अर्धा तास चार्जिंगला लावा, पुढे निश्चिंत जा. उंब्रज सोडून पाटणकडे वळलात की जलद चार्जरचा भरवसा धरू नका. जे करायचं ते हायवे सोडायच्या आधी करा.

आता कुंभार्ली. हा भाग तुम्ही अण्णांना वाचून दाखवा, कारण तो त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा आहे.

कोयनेचं पाणी वर शिवसागरात साठतं, बोगद्यांतून खाली पोफळीला उतरतं आणि उतरताना टर्बाइन फिरवून वीज देतं. १,९६० मेगावॅटचा तो सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा आहे, उंचीवर. तुमची गाडी कुंभार्ली घाट उतरते तेव्हा ती त्याच डोंगराच्या कडेनं तेच काम करत असते. पाण्याच्या जागी तिचं स्वतःचं वजन असतं. तुम्ही पाय उचलला की मोटर जनित्र बनते, चाकं तिला फिरवतात आणि वीज बॅटरीत जाते. किती जाते तेही मोजता येतं. माणसं आणि सामान धरून १,८०० किलोंची गाडी साडेसहाशे मीटर खाली आली तर त्या उंचीत ३.२ युनिट ऊर्जा असते. सगळी हाती लागत नाही, पण दोन-सव्वादोन युनिट परत मिळतात. घाटमाथ्यावर ४० टक्के दिसणारी बॅटरी शिरगावला पोचेपर्यंत चव्वेचाळीसच्या पुढे गेलेली दिसेल. ब्रेकचे लायनर फारसे झिजत नाहीत, तापत नाहीत, हा वरचा फायदा. पावसाळ्यात त्या घाटात गरम झालेल्या ब्रेकचा वास ज्यानं घेतला आहे त्याला याची किंमत कळेल.

परतीला मात्र ते कर्ज फेडावं लागतं. चिपळूणहून वर चढताना नेहमीच्या खर्चाशिवाय साडेतीन युनिट जादा लागतील, म्हणजे वीस-बावीस किलोमीटरचा पल्ला. लक्षात घ्या, फक्त वीस-बावीस. घाटात गाडी 'बसेल' ही भीती या आकड्यापुढे उभी राहत नाही. आणि चढावर विजेची मोटर डिझेलपेक्षा उजवी असते, तिचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो, गिअर पाडावा लागत नाही. एक बारीक गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर उतारावर वीज परत घेता येत नाही, भरलेल्या धरणात आणखी पाणी मावत नाही तसंच. तुमच्या वाटेवर हे होणार नाही, कारण पुण्याहून कोयनानगर येईपर्यंत बॅटरी बरीच रिकामी झालेली असेल. महाबळेश्वर-पाचगणीला राहून, सकाळी पूर्ण भरून लगेच घाट उतरणाऱ्यांना मात्र हे सांगावं लागतं.

मोबाइलचं उदाहरण सगळेच देतात, आणि ते समजण्यासारखंही आहे. दोन्हीकडे लिथियमच आहे. पण मोबाइलला आपण रोज शून्यापर्यंत नेतो, उशीखाली ठेवून शंभरपर्यंत भरतो, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर टाकतो. तो थंड ठेवायला आत काही नसतं. बहुतेक गाड्यांच्या बॅटरीत थंड द्रव फिरवणारी यंत्रणा असते, प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं सर्किट असतं. वर-खाली थोडी जागा राखून ठेवलेली असते, ती तुम्हाला वापरताच येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत आता लोह-फॉस्फेटची बॅटरी असते, तिला एलएफपी म्हणतात. ती थोडी जड असते, पण जास्त टिकते आणि उष्णतेत जास्त सुरक्षित राहते. मुद्दाम गणित करून बघा. पूर्ण भरून रिकामी करण्याच्या नुसत्या हजार फेऱ्या धरल्या, आणि एका फेरीला २५० किलोमीटर, तरी अडीच लाख किलोमीटर होतात. एलएफपीला हजारहून कितीतरी जास्त फेऱ्या झेपतात. तुमची डिझेल गाडी पंधरा वर्षांत किती चालली ते एकदा मीटरवर बघून या.

जिओटॅब ही कॅनडातली कंपनी हजारो इलेक्ट्रिक गाड्यांच्या नोंदी ठेवते. त्यांच्या अभ्यासात बॅटरीची क्षमता वर्षाला सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास कमी होताना दिसली. आठ वर्षांनी ४५ च्या जागी ३८ युनिट उरले असं धरा. हिंजवडीला तुम्ही तेव्हाही आरामात जाल, गुहागरच्या वाटेवर थांबा थोडा लांबेल. बहुतेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. तिच्या कागदावर एकच ओळ शोधा, क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार ती. ती ओळ सापडली नाही तर विक्रेत्याकडून लेखी घ्या. उन्हाचा मात्र खरा विचार करा. उष्णतेनं बॅटरी थंडीपेक्षा लवकर म्हातारी होते. पुण्यात आणि कोकणात ते चालून जाईल. जळगाव, अकोला, चंद्रपूरच्या वाचकांना मी सावलीतली पार्किंगची जागा आधी बघा असं सांगते.

आगीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कमिटीत कुणीतरी नक्की विचारेल. २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, पुण्यातही एक लागली, ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. त्यानंतर सरकारनं बॅटरीच्या सुरक्षेच्या चाचण्या कडक केल्या. माझ्या मते सोसायटीत खरा धोका दुसरीकडे असतो. खिडकीतून खाली सोडलेली एक्स्टेन्शन वायर, सैल प्लग आणि अर्थिंग नसलेला पॉइंट. विजेच्या कामात माझी तीस वर्षं गेली, जळलेले सॉकेट मी पुष्कळ पाहिले. पॉइंट नीट बसवू दिला नाही तर लोक तो चोरून बसवतात, आणि चोरून बसवलेला पॉइंट पेटतो. हे वाक्य कमिटीसमोर जसंच्या तसं वापरा.

मग बॅटरी खरोखर कुठे रोखते? माझ्या मते किमतीत. ब्लूमबर्गएनईएफ या संस्थेच्या पाहणीनुसार २०१० साली एका युनिटच्या बॅटरीला हजार डॉलरहून जास्त खर्च येत होता, २०२४ मध्ये तो जगभराच्या सरासरीत ११५ डॉलरवर आला. केवढी मोठी घसरण! तरीही ४५ युनिटचे चार लाखांहून जास्त रुपये होतात. पंधरा लाखांच्या गाडीत ते सामावून जातात, सहा-सात लाखांच्या गाडीत नाही. तिथे कंपनी बॅटरी छोटी करते, टियागोसारखी १९ किंवा २४ युनिटची, आणि पल्ला तोकडा पडतो. शहरात दुसरी गाडी म्हणून ती छान आहे. पण ज्याच्या घरी एकच गाडी आहे, जो पहिल्यांदाच गाडी घेतो आहे आणि दिवाळीला त्यातच गावी जाणार आहे, त्याला बॅटरीनं आज खरंच अडवलंय. त्याला मी 'घे, घे' म्हणणार नाही. सेल बहुतांशी बाहेरून, मुख्यतः चीनमधून येतात, म्हणून किंमत आपल्या हातात नाही, ही खंत वेगळी. आणि जुन्या इलेक्ट्रिक गाडीला बाजारात किती भाव मिळेल याचा अंदाज अजून कुणालाच नीट बांधता येत नाही. चार-पाच वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल तर हा तोटा आधीच मनात धरा. तुम्ही एकच गाडी पंधरा वर्षं वापरणाऱ्या आहात, तुम्हाला तो फारसा लागत नाही.

आता नॉर्वेकडे बघा. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर शंभर नव्या गाड्यांत ८९ पूर्ण विजेच्या होत्या. आपल्याकडे त्याच वर्षी शंभरात दोन-तीन. त्यांच्याकडे बॅटरी वेगळी नाही, तेच लिथियम आहे. उलट कडाक्याच्या थंडीत पल्ला चांगलाच घटतो. मग त्यांना का जमलं? नव्वदच्या दशकापासून त्यांनी या गाड्यांवरचे कर काढले आणि पेट्रोलच्या गाड्यांवर जबर ठेवले. वीज जवळजवळ सगळी पाण्यावरची, कोयनेसारखी. आणि बहुतेकांच्या घरापाशी रात्री गाडी लावायला पॉइंट आहे. ते श्रीमंत आहेत हे खरंच, त्यांची बरोबरी मी करत नाही. पण दोन देशांत बॅटरी एकच असताना एवढा फरक पडत असेल, तर सगळा दोष बॅटरीच्या माथी मारता येत नाही.

माझा स्वतःचा सगळ्यात वाईट अनुभवही बॅटरीचा नव्हता. गणपतीला कोकणात जाताना हायवेवरच्या एका हॉटेलच्या आवारात पोचले. ॲपमध्ये दोन चार्जर चालू दिसत होते. प्रत्यक्षात एक बंद, दुसऱ्यापुढे चार गाड्या. बंद चार्जरवरच्या नंबरला फोन लावला, उचलणाऱ्यानं तक्रार लिहून घेतली आणि मी अडीच तास तिथे बसले. माझ्यामागे एक जोडपं होतं, लहान बाळ घेऊन. गाडीत वीस टक्के शिल्लक होती, गाडीचा काही दोष नव्हता. बंद पडलेला चार्जर दुरुस्त करायला कुणी नव्हतं, एवढंच. पेट्रोल पंपावर सहा नळ्या असतात, एक बिघडली तर पाच चालतात, आणि माणूस उभा असतो. चार्जरच्या बाबतीत आपण अजून तिथे पोचलेलो नाही. तेव्हापासून मी दोन नियम पाळते, तुम्हीही पाळा. पुढचा चार्जर बंद निघाला तर त्याच्याही पुढच्यापर्यंत पोचता येईल एवढी वीज असतानाच थांबायचं. आणि ऐंशी टक्क्यांना निघायचं, कारण शेवटचे वीस टक्के भरायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. घागर काठोकाठ भरत आली की नळ बारीक करतो ना, चार्जरही तसंच करतो. मागे रांग असेल तर त्या वीस टक्क्यांसाठी अडून राहणं बरं नाही.

गणपती आणि मे महिना या दोन गर्दीत तुम्हाला त्रास होईल, हे आत्ताच सांगून ठेवते. पहाटे चारला निघालात तर कमी होईल. वर्षातल्या त्या चार-पाच दिवसांसाठी उरलेले तीनशे साठ दिवस डिझेल जाळायचं का, हा प्रश्न घरी बसून सोडवा.

उरलेल्या दिवसांचा हिशेब असा. ४० किलोमीटरला सहा-साडेसहा युनिट. पंधरा अँपियरच्या साध्या पॉइंटवर तीन तासांत भरून होतात, झोपेत. वीज युनिटला ११ रुपये आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं, तर शंभर किलोमीटरला पेट्रोलच्या ७०० रुपयांच्या जागी विजेचे १७० रुपये जातात. बारा हजार किलोमीटरला साठ हजारांच्या वर फरक पडतो. हा हिशेब घरी चार्ज केलं तरच. रोज बाहेरच्या जलद चार्जरवर जायला लागलं तर निम्मी बचत गेली, वेळ गेला आणि मन:स्ताप वेगळा. म्हणून माझं तुम्हाला स्पष्ट सांगणं आहे की पार्किंगमध्ये पॉइंट मिळाल्याशिवाय बुकिंग करू नका. मिळाला तर पाच वर्षं थांबायचं कारण नाही. घन इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे आतल्या द्रवाच्या जागी घन पदार्थ वापरणाऱ्या, नव्या बॅटरीबद्दल मिस्टर वाचत असतील. तिची चर्चा दहा वर्षांहून जास्त चालू आहे, परवडणाऱ्या गाडीत ती अजून आलेली नाही. बॅटरी पुढेही सुधारत राहील, पण तुमच्या रोजच्या ४० किलोमीटरला आजची पुरून उरते.

कमिटीकडे जायची तयारी मात्र नीट करा. तोंडी विचारणं बंद करा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की घरच्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागायची सोय झाली. दोन्ही अर्जात लिहा, पण भांडणाच्या सुरात नको. कमिटीतली माणसं तुमच्याच जिन्यातली आहेत, त्यांची भीती समजून घ्या. बहुतेक ठिकाणी तीनच प्रश्न असतात. बिल कोण भरणार, वायर कुठून जाणार आणि उद्या वीस जणांनी मागितलं तर काय.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. वायर मीटर रूममधल्या तुमच्या स्वतःच्या मीटरवरून काढायची, म्हणजे सोसायटीच्या कॉमन बिलाशी संबंध राहत नाही. घरगुती मीटरवर युनिट वाढले की वरच्या टप्प्याचा दर लागतो, म्हणून स्वतंत्र मीटर घेतला तर दर किती पडेल ते महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. दुसऱ्यासाठी परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडून कागदावर आराखडा काढून घ्या. वायर पाइपमधून, तुमच्या पॉइंटसाठी वेगळा एमसीबी (जास्त वीज ओढली गेली तर बंद होणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली तर बंद होणारा स्विच), तांब्याची जाड वायर, वेगळं अर्थिंग. मंजूर लोड वाढवावा लागेल का तेही त्यालाच विचारा. तिसरा प्रश्न खरा अवघड आहे, आणि तो विचारणारा चेअरमन शहाणा आहे असं समजा. वीस गाड्या एकदम रात्री आठला लागल्या तर ट्रान्सफॉर्मरवर ताण येतोच. म्हणून एकट्यानं जाऊ नका. सोसायटीत स्कूटरवाले धरून आणखी तीन-चार जण नक्की असतील, त्यांना बरोबर घ्या आणि सगळ्यांसाठी एकच व्यवस्था मागा. आज चार पॉइंट, पुढे जागा राखलेली, आणि चार्जिंग रात्री अकरानंतर. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतचा मुख्य पाइप एकदाच टाकला तर खर्च वाटला जातो. माझ्या पाहण्यातल्या दोन सोसायट्यांत याच वाटेनं काम झालं. एकीत तर सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्या काकांनी वर्षभरानं स्वतः अशी गाडी घेतली.

तरीही नाही म्हणाले तर विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर लेखी मागून घ्या. तोवर डिझेल गाडीचं फिटनेस तपासून पुनर्नोंदणीचं बघा.

आता गावाकडचं. अण्णांच्या घरी विहिरीच्या पंपासाठी पंधरा अँपियरचा पॉइंट असेलच. शनिवारी दुपारी पोचून रविवार सकाळपर्यंत गाडी लावलीत तर चाळीस युनिटपर्यंत भरता येतील, परतीला तेवढे पुरतात. अडचण येते ती अर्थिंगची. आमच्या एका नातेवाइकांकडे कोकणात पहिल्यांदा गाडी लावली तर चार्जरवर लाल दिवा लागला, हलेचना. अर्थिंग नाही म्हणून तो वीज घेत नव्हता, आणि बरोबरच करत होता. दुसऱ्या दिवशी वायरमननं अंगणाच्या कडेला खड्डा घेतला, पत्रा पुरला, कोळसा-मीठ भरलं, पाणी घातलं. तासाभरात हिरवा दिवा. त्या घरातल्या वॉशिंग मशीनला शॉक लागायचा, तोही त्या दिवसापासून थांबला. वादळात लाइट जाते हे विसरू नका. निसर्ग वादळानंतर २०२० मध्ये दापोली-मंडणगडच्या गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. जून-जुलैत निघताना चिपळूणपर्यंत परतता येईल एवढी वीज गाडीत कायम शिल्लक ठेवा. आणि चिपळुणात पाणी भरलं असेल तर गाडी कुठलीही असो, पाण्यात घालू नका. बॅटरीची पेटी पाणी आत जाऊ नये अशी बंद असते, पण जुलै २०२१ चा पूर तुमच्या घरच्यांनी पाहिलाय, त्यांना मी काय सांगणार.

शेवटचं एक. बुकिंगच्या आधी, ज्या गाडीचा विचार आहे तीच दोन दिवस भाड्यानं घ्या आणि गावी जाऊन या. तिथे असताना अण्णांना कोयनानगरपर्यंत बरोबर घ्या. शिवसागर बघा, चहा घ्या आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवून घाट उतरत घरी सोडा. स्क्रीनवर वीज परत येताना दिसते, तिच्याकडे त्यांना बघू द्या, तुम्ही काही बोलू नका. टर्बाइन काय करतं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि अर्थिंगचा खड्डा गणपतीच्या महिनाभर आधी घेऊन ठेवा, त्या दिवसांत गावात वायरमन मिळत नाही.